बागेखालची फरशी

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली तिला सिस्टरच म्हणायची. पाऊस थांबून आठवडा उलटला, पण तिच्या घरामागच्या बागेतलं घोटाभर पाणी जागचं हलेना. लिंबाची पानं पिवळी पडली, वांगी मुळासकट कुजली.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. रोपवाटिकेवाला म्हणाला, "वाळू मिसळा." जाऊबाई म्हणाल्या, "वाळू नको, शेणखत घाल." नवऱ्याचं म्हणणं, चर खणायचा, पण पाणी काढायचं कुठे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. सिस्टरने सगळं करून पाहिलं. पाण्याचा नुसता चिखल झाला. नाडी धरून दुखणं ओळखणारी बाई, पण इथे तिची मती गुंग झाली.

शेवटी तिने धाकट्या भावाला बोलावलं. तो गवंडी. त्याने पहार मातीत घातली. हातभर खाली खण्ण! चार ठिकाणी घातली, चारही ठिकाणी खण्ण.

"ताई, खाली फरशी आहे."

"काहीतरीच काय! वीस वर्षं झाडं लावतेय मी इथे."

"लावत असशील. पण कुणाच्या तरी खोलीत."

माती ओढली तशी निळी फरशी दिसली, मग कडेला भिंतीचा पाया, कोपऱ्यात लोखंडी जाळी. चक्क न्हाणीघर! नवऱ्याने घराची कागदपत्रं धुंडाळली. त्यांत मागे नुसती मोकळी जागा.

जाळीखाली लिंबाची मुळं वेणीसारखी गुंतली होती. भावाने ती कापून काढली आणि पाणी गडगडत खाली गेलं.

"इतकी वर्षं हीच जाळी तुझं पाणी नेत होती. यंदा तुंबली."

"नेत होती कुठे?"

भाऊ गल्लीतल्या गटारापाशी जाऊन वाकून बघून आला. तिथे थेंब नव्हता. "देव जाणे," तो म्हणाला. "फोडू का फरशी?"

नवरा "फोड" म्हणाला, जाऊबाई "नको" म्हणाल्या. सिस्टरला दोघांचंही पटलं. मग तिने जाळीवर खडी पसरायला लावली, लिंबाचं झाड दुसऱ्या टोकाला हलवलं आणि माती परत लोटली.

महिन्याभरात वांग्याची नवी रोपं तरारली. पाणी पुन्हा साचलं नाही. पण खुरपं घेऊन बागेत उतरताना सिस्टर दारातच क्षणभर घुटमळायची. कुणाच्या तरी घरात न विचारता शिरतेय, असं तिला वाटायचं. विचारायचं तरी कुणाला, ते काही केल्या सुचायचं नाही.