चाकाखालचा देव

मी एक जुना, काळा, एका बाजूला तिरपा दगड आहे. हसू नका मित्रांनो! पोलिसांच्या गाडीतून मी जेवढा फिरलोय, तेवढे तुमच्या गावचे सरपंचही फिरले नसतील.

मुरबाडकडच्या धाऊ पाथरवटाने मला पाटा करायला घेतलं होतं. छिन्नी जरा जोरात बसली आणि माझा कोपराच उडाला. "मेल्या, तू वाटणाच्या कामाचा नायस," म्हणत त्याने मला रस्त्याकडेला टाकून दिलं. फार वाईट वाटलं हो! पण तिथून जाणारे रविंद्र हवालदार थांबले. "चाकाखाली झकास बसंल हा," म्हणाले आणि त्यांनी मला गाडीत सीटमागे ठेवलं. आमच्या चौकीचं नाव मात्र मी सांगणार नाही, उगाच कुणाला राग यायचा.

काय दिवस होते ते! धरण भरलं की तानशाला बंदोबस्त, होळीला पाड्यापाड्यांतून चकरा, मतदानाच्या वेळी तर तीन दिवस घराचं तोंड नाही. चढ-उतारावर गाडी थांबली की हवालदार आधी विचारायचे, "दगड लावला का रे?" तो आवाज अजून कानात आहे. आपल्यावाचून यांचं पान हलत नाही, असं वाटून मी फुगून जायचो.

आता खरं सांगतो. माझी एवढी गरज लागायची, कारण गाडीचा हॅन्डब्रेक धरत नव्हता. हवालदारांना ते ठाऊक होतं. पण लिहून दिलं तर साहेब विचारणार, इतके दिवस काय झोपला होतात? त्यांची नोकरी उरली होती सात महिने. शेवटी शेवटी कागदावर डाग नको, म्हणून आजचं काम उद्यावर आणि सगळा भार माझ्यावर.

एके दिवशी आम्ही धसईच्या बाजाराला गेलो. उतारावर गाडी लावली. सोबत सोनाली शिपाई होत्या, नोकरीत नव्या. मला चाकाखाली लावायला त्या उतरल्या, तेवढ्यात बाजारात भांडणाचा आरडाओरडा झाला. घाईत त्यांनी मला चाकापासून वीतभर लांब ठेवलं आणि त्या धावल्या.

गाडी हलली. आधी हळू, मग चांगली जोरात माझ्या अंगावर आली. मी डांबरावरून फरफटत निघालो. समोर बुधी आजी वालाच्या शेंगांची पाटी घेऊन बसली होती आणि तिच्या मांडीवर तिची नात कविता झोपली होती. मी जिवाच्या आकांताने रस्ता धरायला बघत होतो. एका खळग्यात माझं टोक अडकलं आणि गाडी थांबली. आजीची पाटी चाकाखाली गेली. पोरीच्या पायापासून चाक हातभर होतं.

मग काय, "देवानं वाचवलं! देवानं वाचवलं!" एकच गलका झाला. हवालदारांनी आजीला नवी पाटी घेऊन दिली, चौकीसमोर नारळ वाढवला. आजीने मला शेंदूर फासला आणि मला चौकीच्या उंबराखाली बसवलं. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही म्हणतात. मला ते नुसतं घसरून मिळालं!

सोनालीताई म्हणाल्या, "दादा, हे लिहून ठेवूया. दगड मीच लांब ठेवला होता."

"कोणाला लागलं का? नाय ना? मग कशाला गो उकरून काढतेस?" हवालदार म्हणाले. सोनालीताईंचा चेहरा उतरला.

मला रोज फुलं मिळू लागली. साहेबसुद्धा जाता-येता हात जोडायचे. पण खरं सांगू? मला ते गोड लागत नव्हतं. गाडी तीच होती, ब्रेक तोच होता, बाजारही भरतच होता. मला फक्त बघत बसावं लागत होतं.

पुढच्या बाजारादिवशी आजी फुलं घेऊन आली. चौकीच्या उतारावर गाडी उभी होती, चाकाखाली काहीच नव्हतं. आजीने गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हवालदारांना विचारलं, "बाबा, देव तर हितं बसलाय. मंग गाडीला कोन धरून बसलंय?"

हवालदारांनी आधी गाडी सपाट जागी नेऊन लावली. मग आत जाऊन कागद घेतला आणि लिहिलं, "हॅन्डब्रेक धरत नव्हता. मला वर्षभर माहीत होतं. मी सांगितलं नाही." सोनालीताईंनी खाली आपली चूक लिहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी तो कागद सगळ्यांसमोर वाचला. हवालदार खाली मान घालून उभे होते. आता झाडतील, असंच सगळ्यांना वाटलं. साहेब म्हणाले, "गाडी आजच दुरुस्तीला जाईल. हे मला उद्या पोरीच्या पंचनाम्यातून कळलं असतं, तर मी तुम्हाला तोंड दाखवू शकलो नसतो. नुसते हात जोडत मीही फिरलो. आणखी कुणाचं असं थोडक्यात टळलंय?"

मग पंकज शिपाई पुटपुटले, "साहेब, रायफल रिकामी समजून मी..." त्यांच्यामागून आणखी एकाने तोंड उघडलं. त्या सकाळी चौकीत चहा गार झाला, पण कुणी उठलं नाही.

रविंद्र हवालदार निवृत्त झाले. नोकरीच्या कागदावर डाग पडला नाही आणि पडला असता तरी चाललं असतं, असं ते मला हात जोडताना म्हणाले. कविता आता अंगणवाडीत जाते. मला अजून जुन्या फेऱ्या आठवतात आणि मन भरून येतं.

मित्रांनो, तुमचंही कधी थोडक्यात टळेल. खुशाल हात जोडा, नारळ वाढवा. पण मग घरी, शाळेत, जिथे असाल तिथे ते सांगून टाका आणि जे मोडलंय ते दुरुस्त करा. मी त्या दिवशी कसा थांबलो, ते माझं मलाच ठाऊक नाही. पुढच्या वेळी थांबेनच, असं समजू नका. मी दगड आहे हो!