वरचं गेट

माझे सासरे रतनसिंग सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. पाणी कुठून सोडायचं आणि कुठे अडवायचं, यातच त्यांचा जन्म गेला, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण त्यांना पाटासारखीच दिसायची. आमच्या घरी सून सासऱ्याशी बोलत नाही. घुंगटाआडून जे सांगायचं ते मी सासूबाईंना सांगायचे, आणि त्या रानात गेलेल्या असल्या तर शेळीला. शेळीला सांगितलेलं सासऱ्यांना बराबर ऐकू जायचं.

२००८च्या एप्रिलात माझे मालक, संतोष, सकाळी उठले तर उजव्या डोळ्याने दिसेना. सगळं धुरकट आणि मधोमध काळा डाग. वय पंचविशीचं. ते औंढा-हिंगोली काळीपिवळी जीप चालवायचे, म्हणजे डोळा गेला की भाकरीही गेली. मी घाबरून गेले होते. सासरे म्हणाले, "धूळ गेली असंल." मग अख्ख्या तांड्याने आळीपाळीने धूळ काढून पाहिली. त्यानंतर आम्ही नांदेडला गेलो.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "डोळ्याच्या पडद्यातलं रक्त परत नेणारी शीर तुंबली आहे. रक्त मागे साचून पडद्यावर पसरलंय, सूज आलीय. सूज उतरायला डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. पण इतक्या तरुण वयात हे सहसा होत नाही. आधी रक्तात कारण शोधू." रक्त घेतलं आणि पुढच्या आठवड्यात बोलावलं.

सासऱ्यांना हे सगळं एका दमात समजलं. बसमध्ये ते मालकांना म्हणाले, "पाट तुंबून फुटला तं आदी काय करतेत? वरचं गेट बंद करतेत." घरी आल्या आल्या त्यांनी लेकाचं पाणी बंद केलं. सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला.

मालक बापाच्या शब्दाबाहेर जात नाहीत. सोयरीक जमवताना हा गुण सगळ्यांनी फार वाखाणला होता.

मी शेळीला म्हणाले, "अशा उन्हात बिनपाण्याचं कोण जगंल?" सासऱ्यांनी ऐकलं आणि शेळीपुढे बादली भरून ठेवली. मी चोरून तांब्या दिला तर मालक म्हणाले, "बा जलमभर पाट बघून राहिला. त्याला कळतंय." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं. "साखर नाही, बीपी नाही. पण रक्त मागच्यापेक्षा घट्ट झालंय. पाणी किती पितोस? असंच चाललं तर दुसऱ्या डोळ्यालाही धोका आहे."

मालकांनी बापाकडे पाहिलं. "बराबर पितो," ते म्हणाले. सासरे खिडकीबाहेर बघत राहिले.

सासूबाई घरी होत्या. शेळीला दवाखान्यात आणता येत नाही. मी घुंगटासकट सासऱ्यांकडे वळले.

"मामा, त्यायला पाणी द्या. तुमी गेट लावलं म्हून रगत घट्ट झालं. दुसरा डोळा गेला तं मी तुमाला माफ करणार न्हाई."

डॉक्टरांचा पेन थांबला. सासरे उठून बाहेर गेले. मला बोलल्याचं वाईट वाटलं नाही.

डोळ्यात इंजेक्शन दिलं. पुढे आणखी दोन द्यावी लागली, आणि मग मालकांना समोरच्या गाडीचा नंबर वाचता यायला लागला. पण त्या दिवशी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. पट्टी बांधलेल्या मालकांना धरून मी व्हरांड्यात आणलं, तर सासरे भरलेला तांब्या घेऊन बाकावर बसलेले. मला वाटलं, आता हे भिंतीशी बोलतील.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. "किती पाजू, तू सांग."