काकीचं पाणी नितळच राहिलं

२००६ सालचा हळदीचा हंगाम. हट्ट्याजवळच्या आमच्या तांड्यावर निंबाखाली ही गर्दी! करणी उतरवणाऱ्या महाराजांनी धनसिंगकाकाच्या हातांवर तांब्यातलं पाणी ओतलं आणि परातीत लाल धार पडली.

"बघा! करणीचं रगत! सुईवाल्या डॉक्टरकडं नेलं तर जागेवर खलास!"

दिवाळीपासून काकाचा ताप हटत नव्हता. अंगावर मांस उरलं नव्हतं. तोंडात पांढरे चट्टे, भाकर गिळवेना. तरी वाळवणावर बसून हळकुंडं निवडायचा.

मग त्याच्या बायकोनं, शकुंतलाकाकीनं, त्याच धारेखाली हात धरले. तिला दिवस गेलेले, म्हणून हळदीच्या कढईपासून, वाळवणापासून लांब ठेवलेलं. पाणी नितळच राहिलं.

"ही साफ हाय!"

काकी आनंदानं रडली. दर अमावास्येला काकाचं पाणी लाल, आणि काका आणखी वाळलेला.

एका रविवारी मी शाळेचा शर्ट धूत होते. बाहीवरच्या हळदीच्या डागाला साबण लावला, तर डाग लालभडक! हे तर आमी सगळ्या रोजच बघतो की! विज्ञानाच्या गौसिया मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "चुन्याच्या निवळीनंही तसंच होतं." मला महाराजांचा तांब्या आठवला.

पुढच्या अमावास्येला मी हातांना हळद चोळून पुढं बसले. धार लाल!

"पोरीलाबी लागलं!" महाराज ओरडले.

"व्हय महाराज, हळद लागली! आता हात साबणानं धुते, मग काढा भूत."

हात धुऊन पुन्हा धारेखाली धरले. पाणी नितळ. शेजारची रूपाबाई फिदीफिदी हसली, "काहून महाराज, भूत साबणाला भेतं व्हय?" महाराजांनी परात उचलली ती थेट वारंगा फाट्याकडं.

वसमतच्या डॉक्टरांनी काकाचं तोंड बघितलं, रक्त तपासलं. एचआयव्ही. सोबत टीबी.

"हा विषाणू वर्षानुवर्षं गप राहतो. रक्तातल्या राखणदार पेशींचा, सीडी-फोरचा, आकडा दोनशेच्या खाली गेला, की असे आजार घुसतात. तेव्हा कळणं म्हणजे उशिरा झालेलं निदान. बाई, तुमचंही रक्त द्या."

"मला कशाला? मी तर धडधाकट. माझं पाणी नितळ निघालं."

"काकी," मी म्हणाले, "लाल खोटं होतं, तर नितळ तरी खरं कसं?"

काकीनं पोटावर हात ठेवला. मग बाही वर केली.

काकीलाही लागण होती. पण पेशी भरपूर. औषधं वेळेत मिळाली. काका पोळ्यापर्यंतही टिकला नाही. बाळाच्या पहिल्या तपासणीत मात्र लागण आढळली नाही.

म्हणून सांगते, ताप हटत नसेल तर तपासा, आणि काहीच होत नसेल तरी एकदा तपासा. रक्तात काय आहे ते रक्तालाच विचारा.