पापडाच्या दिवशी एक गोळी

माझ्या सासूबाईंना, धुरपदाबाईंना, माझी गोळी डोळ्यांत खुपायची. "मन लावून काम कराले कोनाले गोयी लागती काय?" असं त्या निम्म्या फैजपूरला विचारून आल्या होत्या. मी दूध उतू घालवायची, बोलता बोलता भलतीकडेच निघून जायची, तेव्हा मी वेंधळी होते. जळगावच्या डॉक्टरांनी, लक्ष एका जागी न टिकणं हा आजारच आहे असं सांगून गोळी सुरू केली आणि कामं पुरी व्हायला लागली, तेव्हा मी नशेडी झाले. गोळी बंद करायचा त्यांचा हट्ट होता. हितेंद्र, म्हणजे माझा नवरा, दोघींच्या मध्ये मान खाली घालून जेवायचा.

अशात आमच्याकडे उडदाच्या पापडांचा दिवस आला. आमच्या गल्लीत एकीकडे पापड असले की बाकीच्या आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर होतात. तिथं विरजणासारखीच गोळ्यांचीही देवाणघेवाण चालते. "तुह्या गुडघ्याले गुन आला ना? मंग मलेबी दे एक." डॉक्टर औषध एकीला देतो, गुण मात्र अख्ख्या गल्लीला हवा असतो!

त्या दिवशी सासूबाई सुटल्याच. शेजारच्या रत्नाकाकूंचा एक पापड होईतो यांचे दोन. चहा आला, नको. पोहे आले, भूक नाही. एरवी सारखी कंबर धरणारी बाई जागची हलेना, आणि तोंडाचा पट्टा चालूच: वरणगावची नणंद, केळीचा भाव, कुणाच्या तरी लग्नातलं पातळ वरण, पुन्हा नणंद.

"अक्काच्या अंगात आज काय शिरलं वं?" रत्नाकाकू म्हणाल्या. सगळ्या हसल्या, मीही हसले. मग सासूबाईंचं लाटणं पोळपाटावर खडखडलं. मनगट धरलं तर नाडी नुसती धावत होती.

मी आत जाऊन कपाट उघडलं. माझ्या गोळ्यांच्या पाकिटात एक घर जास्तीचं फुटलेलं होतं.

सगळ्यांसमोर विचारायचा मोह झाला, खोटं कशाला बोलू? इतकी सुंदर संधी पुन्हा आली नसती. पण सासूबाईंना बीपी आहे. हितेंद्रला गाडी काढायला सांगून मी त्यांना दवाखान्यात नेलं.

बीपी बघून डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "काय घेतलं होतं?"

"चहा," सासूबाई म्हणाल्या. तोही घेतला नव्हता.

"आणखी काही?"

"देवाचं तीर्थ."

डॉक्टर औषध लिहायला लागले. "आई, खरं सांगा," मी म्हणाले, "नाहीतर हे औषध उलटेल."

"हिची गोयी," त्या भिंतीकडे बघत पुटपुटल्या. "एकच घेतली. हिले गुन आला म्हनून."

मी पुढे केलेलं पाकीट बघून डॉक्टर भडकले. "तिला तिचं बीपी, तिचं हृदय तपासून दिलीय ती! या गोळीनं ठोके वाढतात, बीपी चढतं. तुमचं आधीच चढलेलं. जिवावर बेतलं असतं, आजी!"

कार्डिओग्राम काढून त्यांना दुपारभर झोपवून ठेवलं. बीपी उतरेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. मी हात धरून बसले होते.

"मोनाली," त्या हळूच म्हणाल्या, "डोक्यात पाच-पन्नास बाया एकदम बोलू राह्यल्या. एकीचंबी धड आयकू येत नई."

"आई, गोळी नसली की माझ्या डोक्यात रोज हेच चालतं."

त्यांनी माझा हात आणखी घट्ट धरला.

घरी आलो तर बायका वाळलेले पापड गोळा करत होत्या. मी काही बोलायच्या आत सासूबाईंनीच सगळं सांगून टाकलं.

रत्नाकाकूंचे डोळे चमकले. "मंग तं मलेबी एक…"

"खबरदार!" सासूबाई ओरडल्या. "ते हिचं औषध हाये. ते काय विरजन नई!" आणि कपाटाची किल्ली माझ्या हातात ठेवली. "कुलूप लावत जा. अन् सकायी घ्याले इसरू नको."

दुसऱ्या दिवशी मी विसरलेच. सासूबाई पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या होत्या.