सहावं पातं

अर्विड माकेलानं सरपणाची मोळी खिडकीतून आत ढकलली, मग एक तंगडी आत घातली, आणि दुसरी घालणार तेवढ्यात त्याला शेगडीपाशी हात शेकत उभी असलेली हेल्मी दिसली.

"अजून खिडकीतूनच?" ती म्हणाली.

"दार सुलोच्या बाजूला आहे," अर्विड म्हणाला आणि दुसरी तंगडी आत घेतली. वय एकाहत्तर. गुडघा कडकन वाजला, तो दोघांनीही ऐकला नाही असं ठरलं.

जमिनीवरची पांढरी रेघ अजून शाबूत होती. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या अलीकडच्या जंगलात, एका लहानशा तळ्याकाठी, अर्विड आणि हेल्मीचा नवरा सुलो या दोन शाळूसोबत्यांनी चाळीस वर्षांपूर्वी हा लाकडी कॅम्प, म्हणजे शिकारीची एका खोलीची झोपडी, स्वतःच्या हातांनी बांधला. दर ऑक्टोबरात दोघं इथे मुक्काम ठोकायचे आणि धनुष्यबाणानं हरणाची शिकार करायचे. बंदूकवाल्यांना ते माणसांत मोजत नसत, याबद्दल त्यांचं पूर्ण एकमत होतं. मग नऊ वर्षांपूर्वी पात्यांवरून बिनसलं.

बाणाच्या टोकाला पोलादाचं दुधारी पातं बसवतात. धनुष्य उभं धरून बाण दोरीवर चढवला की हे पातं उभं राहावं की आडवं, एवढाच प्रश्न. अर्विड उभ्याचा. हरणाच्या फासळ्या उभ्या, तेव्हा उभं पातं दोन फासळ्यांमधून अलगद आत शिरतं, हे त्याचं म्हणणं. सुलो आडव्याचा. आडवं पातं हवेत डगमगत नाही आणि वाटेत येईल ते कापत जातं, हे त्याचं. आता, बाणाची पिसं मुद्दाम तिरकी चिकटवतात आणि सुटलेला बाण हरणापर्यंत गरगर फिरत जातो, हे दोघांनाही चांगलं ठाऊक होतं. तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते तोंडावर बोलून दाखवण्याइतका उद्धट माणूस त्या भागातल्या फिनिश वस्तीत अजून जन्माला आला नव्हता.

झालं असं, की सुलोचा बाण लागलेलं एक हरीण दलदलीत शिरलं आणि तीन दिवस शोधूनही सापडलं नाही. चौथ्या दिवशी कॉफी पिता पिता अर्विड म्हणाला, "पातं उभं असतं तर जागेवर पडलं असतं." सुलोनं कप खाली ठेवला, होडीला लावायचा पांढरा रंग आणला आणि कॅम्पाच्या मधोमध रेघ ओढली. वाटणी अगदी चोख झाली. दार सुलोला, खिडकी अर्विडला. रेघ टेबलावरूनही गेली आणि मीठदाणी अर्विडकडे राहिली, म्हणून सुलोनं तो आणि पुढचा असे दोन हंगाम पास्टी, म्हणजे मांस-बटाटा भरून भाजलेली मोठी करंजी, अळणी खाल्ली. बाहेरच्या सौनाचं, म्हणजे वाफ घेत घाम गाळायच्या खोलीचंही तसंच. सरपण एकाचं, पाण्याची बादली दुसऱ्याची. त्यामुळे एकानं दगड तापवायचे, दुसऱ्यानं त्यांवर पाणी टाकायचं आणि दोघांनी एकाच बाकावर घाम गाळत गप्प बसायचं. सौनात ते आधीही फारसे बोलत नसत, तेव्हा आपलं भांडण चालू आहे हे लक्षात ठेवताना दोघांचीही दमछाक व्हायची. तिसऱ्या वर्षी सुलो आलाच नाही. त्याला आता सात वर्षं झाली होती.

दाराला कुलूप नव्हतं. अडवायला कोणी नव्हतं. तरी अर्विड खिडकीतूनच जात-येत राहिला. आपण दार वापरायला लागलो म्हणजे सुलो आता येणार नाही हे कबूल केल्यासारखं होईल, असं त्याला वाटायचं, आणि ते कबूल करणं त्याच्या जिवावर यायचं.

हेल्मीनं टेबलावर पास्टींची टोपली ठेवली आणि शेजारी एक लांबट टॉवेलची गुंडाळी. "सहा बाण आहेत. पाती बसवून दे."

"कुणाचे?"

"पिसं बघ आणि मग विचार."

दोन पिवळी, एक काळं. सुलोची खूण. अर्विडनं बघितलं आणि उगाच शेगडीत एक लाकूड सारलं. "त्याला काय हात नाहीत?"

"एप्रिलात खांद्याचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून बोटांत मुंग्या येतात. परवा पातं ज्योतीवर धरलं, ते निसटून मांडीवर पडलं. ओरडलासुद्धा नाही मेला. नुसता भिंतीकडे बघत बसला आणि म्हणाला, धनुष्य देऊन टाकू कोणाला तरी."

"दोरी ओढवते का?"

"ओढतो. कसं धरतो ते विचारू नकोस, बघवत नाही."

"मी बसवली म्हणून सांगशील?"

"खुळी आहे का मी? दुकानातून करून आणली म्हणीन." तिनं हातमोजे चढवले. "आणि अर्वी, आडवी. शहाणपणा करू नकोस. उद्या सकाळी न्यायला येते."

ती दारानं गेली. अर्विडनं खिडकीचा पडदा ओढला. सर्वांत जवळचा शेजारी चार मैलांवर होता, पण आयुष्यात पहिल्यांदा आडवी पाती बसवायची होती, आणि असल्या गोष्टी उघड्यावर करायच्या नसतात.

त्यानं स्पिरिटचा दिवा पेटवला. सीडरच्या लाकडाच्या काठीचं टोक तासून निमुळतं केलेलं होतंच. पात्याची नळी आतून पुसली, गोंदाची कांडी ज्योतीवर मऊ करून काठीच्या टोकाला फासली, पक्कडीत पातं धरून तापवलं आणि गोल फिरवत काठीवर बसवलं. मग पात्याचं टोक अंगठ्याच्या नखावर टेकवून बाण उभा धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी गरकन फिरवला. काठी आणि पातं एका रेषेत नसतील तर सांध्यापाशी बाण थरथरतो. थरथरला. पुन्हा ज्योत, पुन्हा केसभर वळवणं, पुन्हा नख. तेराव्या वेळी बाण जोरात फिरणाऱ्या भोवऱ्यासारखा गप्प उभा राहिला. शेवटी दोरी जिच्यात बसते ती मागची खाच डोळ्यासमोर धरून पातं दोरीला बरोबर आडवं केलं. करताना त्यानं डोळे बारीक केले, कडू औषध पिताना करतात तसे.

दुपार कलली तेव्हा सहा बाण तयार होते. सहाही आडवे आणि एकातही काडीची खोट नाही. अर्विडनं ते रांगेत मांडले, समाधानानं पास्टीचा घास घेतला, आणि उरलेली पास्टी टोपलीत परत ठेवली.

खोट नाही. म्हणजे सुलो हे बाण घेणार, घरामागच्या रानात एकटाच जाणार आणि दुकानदाराला दुवा देणार. चांगलं झालेलं काम बघून सुलो आयुष्यात कधी जागचा हलला नव्हता. पण चूक दाखवायची असली की तो बर्फाच्या वादळातून चाळीस मैल गाडी हाणत यायचा. अर्विडला तो हवा होता. सात वर्षांचे ऑक्टोबर एकट्यानं कॉफी करून त्याला कंटाळा आला होता, रेघेपलीकडच्या रिकाम्या खाटेकडे बघून रडूही आलं होतं, आणि हे तो शेगडीलासुद्धा सांगणार नव्हता.

त्यानं सहावा बाण उचलला, पातं पुन्हा तापवलं आणि पाव वळसा देऊन चक्क उभं केलं. मग नखावर नीट फिरवून बघितला. चूक ती चूक, पण हलगर्जीपणा झाला असं कोणी म्हणता कामा नये.

हेल्मी सकाळी बाण घेऊन गेली. एक ऑक्टोबरला हंगाम सुरू झाला. अर्विड शिकारीला गेलाच नाही. तो खिडकीत खुर्ची टाकून रस्त्याकडे डोळे लावून बसला. दहा फाट्यांच्या शिंगांचं एक हरीण सौनाशेजारी, जेमतेम पंधरा पावलांवर येऊन पडलेली सफरचंदं खाऊ लागलं. अर्विडनं हात हलवून त्याला बाजूला व्हायला सांगितलं, कारण त्याच्यामुळे रस्त्याचं वळण दिसत नव्हतं. हरीण थोडं सरकलं आणि खात राहिलं. दुसऱ्या दिवशीही तेच. हेल्मीनं आपल्याला फसवलं तर नाही, सुलोनं धनुष्य खरंच देऊन टाकलं तर नसेल, असं काहीबाही अर्विडच्या मनात येऊ लागलं.

तिसऱ्या दिवशी गाडी वाजली. हरीण पळालं. दार उघडलं आणि काखेत धनुष्य, हातात सहा बाण घेऊन सुलो आत आला. मागे हेल्मी. सुलो वाळला होता. उजवा खांदा खाली उतरला होता.

"दुकानातल्या पोरानं बसवली म्हणे," तो म्हणाला. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"असेल," अर्विड म्हणाला.

"असेल काय? नखावर फिरवली तर हूं की चूं करत नाहीत. असं करणारं गाढव या जिल्ह्यात एकच आहे. बायकोला चव्वेचाळीस वर्षांत धड खोटं बोलता आलं नाही."

"मग आता काय झालं?"

"चुकलंय."

अर्विडचा चेहरा खुलला, तो त्यानं घाईनं पाडला. "कुठलं? एखादं चुकलं असेल हं."

"पाच चुकलीत. एकच बरोबर आहे."

सुलोनं धनुष्य उचललं. हात छातीच्या वर जाईना, तेव्हा त्यानं ते कॉफीच्या तबकासारखं पोटासमोर सपाट आडवं धरलं. "हे असं धरावं लागतं आता. म्हणजे दोरी आडवी. म्हणजे तू आडवी बसवलेली पाच पाती झाली उभी. अर्वी, तीन दिवस मी उभी पाती घेऊन रानात हिंडतोय. कोणी बघितलं असतं म्हणजे? हे सहावं तेवढं माझ्या धनुष्यावर आडवं बसतं. मला एवढंच सांग, एक कळलं, तर बाकीची पाच कशी नाही कळली?"

अर्विडला हो ला हो करता आलं असतं. हुशारीचं श्रेय आयतं चालून आलं होतं. पण "मला काहीच कळलं नव्हतं," तो म्हणाला. "ते मी मुद्दाम चुकवलं. तू भांडायला यावास म्हणून."

सुलोनं धनुष्य टेबलाला टेकवून ठेवलं.

"भांडायलाच आलोय," तो म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला. खुर्चीचे दोन पाय रेघेच्या अलीकडे पडले, दोन पलीकडे.

अर्विडनं दिवा पेटवला. एकेक पातं तापवून तो वळवू लागला आणि वळवता वळवता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. "म्हणजे मी उभीच बसवतोय. माझ्या पद्धतीनं."

"आडवी आहेत ती."

"दोरीला उभी आहेत."

"जमिनीला आडवी आहेत. हरीण कुठं उभं असतं, दोरीवर?"

हेल्मी टोपली सोडत होती. "बाण सुटला की फिरतो ना पण?" ती म्हणाली.

अर्विडनं पातं ज्योतीवरून बाजूला घेतलं.

"प्रश्न तो नाहीये," दोघं एकदम म्हणाले.

मग सुलोनं पास्टी घेतली आणि रेघेपलीकडे हात घालून मीठदाणी उचलली. अर्विडनं ते बघितलं आणि मान खाली घालून पात्यावरचा गोंद पुसत राहिला, गरजेपेक्षा जास्तच वेळ.

सहाही बाण मनासारखे झाल्यावर सौनामागच्या गवताच्या भाऱ्यावर एकदा मारून बघायचं ठरलं. अर्विडनं टोपी घातली, खिडकी उघडली आणि एक तंगडी बाहेर टाकली.

"कुठं चाललास?" सुलो म्हणाला. "बंद कर ती. माझ्या बाजूला वारा येतोय. दारानं चल."

अर्विडनं तंगडी आत घेतली. रेघ ओलांडताना त्यानं खाली बघितलं नाही. सुलोनं बऱ्या हातानं दार धरून ठेवलं होतं. अर्विड ताठ मानेनं त्यातून निघाला आणि त्याचं कपाळ चौकटीवर खाडकन आपटलं. नऊ वर्षांत ती किती खाली आहे ते तो विसरला होता.

सुलो हसला नाही. "चौकट तूच बसवली होतीस," तो म्हणाला. "तेव्हाच सांगितलं होतं, चुकलीय म्हणून."