थिनरचे डोहाळे

आमच्या आईचं एक मत होतं आणि ते बदलायची कुणाची छाती नव्हती. पोटुशी बाईला जे हवंसं वाटेल ते द्यायचं. नाय दिलं, तर पोराच्या तोंडाला जन्मभर लाळ. माझ्या वेळेला तिने भर श्रावणात मला सुके बोंबील भाजून दिलेन, तेही दार लावून. शेजारच्या कमळाला चुलीची माती खावीशी वाटली, तर आईने आपल्याच चुलीचा कोपरा फोडून दिलान. वर म्हणते कशी, "चूल काय, उद्या लिंपता येईल. पोर लिंपता येतं काय?"

आता या बाईच्या पुढे कोण काय बोलणार!

माझं सासर आणि माहेर एकाच पाखाडीवर, पाच-सात पायऱ्या वरखाली. घोव मुंबईला नोकरीत, त्यामुळे माझा अर्धा दिवस आईच्या पडवीत जायचा. तिथे आई, माझा धाकटा भाऊ महिपत आणि त्याची बायको चिमा. महिपत बंदरावर लाँची आणि होड्या रंगवायचा. होडीच्या नाळेवर, पुढच्या टोकावर, नाव काढावं तर त्यानेच. अक्षर असं वळणदार, की होडीपेक्षा नावच आधी पाण्यात उतरेल. चिमा राजापूरकडची, आतल्या गावातली. लग्न होईपर्यंत तिने लाँच पाहिली ती फक्त कॅलेंडरवर.

तिचं पहिलं मूल राहिलं आणि तिसऱ्या महिन्यात गेलं. आईने तेव्हा सगळा दोष स्वतःला लावून घेतलान. चिमाला तेव्हा ओली काजू हवी होती, हंगाम नव्हता, मिळाली नाय. "माझ्यामुळेच गेलं," म्हणून महिनाभर धड जेवली नाय. मग दुसऱ्या वेळी चिमाला दिवस गेले आणि घरात सगळ्यांनी श्वास रोखून धरला. हे पोर जगायला हवं होतं. बाकी कुणाला काही नको होतं.

आणि या चिमाच्या पोटात काही ठरेना! पेज उलटायची, सार उलटायची, आवळा तोंडात धरला तरी परसात धावायची. चेहऱ्यावर नुसते डोळे राहिले. अशात एका दुपारी महिपत बंदरावरून आला, शर्ट काढून खुंटीला लावलान आणि विहिरीवर गेला. मी बघते तर चिमा त्या शर्टात नाक खुपसून उभी.

"वन्सं," म्हणाली, "काय छान वास येतो हो याला! मळमळ गेली बघा."

वास कसला, थिनरचा! रंग पातळ करायला आणि ब्रश धुवायला वापरतात तो. पण त्या दिवशी चिमा वाटीभर भात जेवली आणि तो पोटात राहिला. आईने देवापुढे साखर ठेवलीन. डोहाळे सापडले होते.

मला हे पुढचं ठाऊक नव्हतं. आठवडाभराने तिकडे जेवायला बसले, पानात नुसती आमटी. शिंक्यावर लोणच्याची बरणी दिसली म्हणून उतरवली, झाकण उघडलं, आणि आई गं! डोळ्यांतून पाणी, नाकात जाळ. बरणीत थिनरने भिजवलेल्या फडक्याचा बोळा!

"ठेव ती खाली!" आई ओरडली. "चिमाची आहे."

"अगं, या पाण्याने फळीवरचा जुना रंग सुटतो! तुझ्या नातवाचं काय होईल?"

"ती काय पिते काय? नुसता वास घेते. तू डॉक्टरीण कधीपासून झालीस गो?"

महिपत खाली मान घालून भात कालवत होता. रोज तोच बोळा भिजवून आणायचा, मोठ्या कौतुकाने. बायकोसाठी गजरा आणावा तसा. मी त्याला मेल्या, गाढवा, काय काय म्हटलं. तो हसून म्हणाला, "आक्का, ती जेवते ना? मग झालं तर."

जेवत होती, पण आठ-दहा दिवसच. पुढे ताट तसंच राहायला लागलं आणि बरणी मात्र दिवसातून चारदा उतरायची. चिमा आता उगाच हसायची. तांदूळ निवडता निवडता हसायची, बोलताना जीभ अडखळायची. भात करपला तरी तिला वास येत नसे. आई म्हणे, "पोर आनंदी निपजणार!" संध्याकाळी डोकं धरून भिंतीला टेकायची. आई म्हणे, "पोराचे केस दाट हायत, म्हणून." एकदा पाखाडीवर तोल गेला, नशीब मी खालीच उभी होते. त्यालाही आईकडे उत्तर होतं. आमच्या आईकडे उत्तर नाय असं कधी झालंच नाय. दवाखान्यात दाखवूया म्हटलं, तर "पहिल्या वेळी दाखवलं होतं ना? काय झालं मग?" म्हणून माझं तोंड बंद केलंन.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण निघालं. आता डोहाळजेवणात बाईला झोपाळ्यात बसवतात, बागेत बसवतात, होडीत बसवून फोटो काढतात. लोक होडी पुठ्ठ्याची करतात. महिपतच्या अंगात रंगारी संचारला. "माझ्या बायकोला पुठ्ठ्याची कशाला? खरीच बसवतो!"

मन्सूरभाई त्याचा जुना गिऱ्हाईक आणि दोस्त. त्याची नवी होडी माडांच्या सावलीत ओढून ठेवलेली, आतूनबाहेरून रंगवलेली, आदल्याच दिवशी रंगाचा शेवटचा हात मारून झालेला. "घे की," म्हणाला मन्सूरभाई, "पोराचा पहिला प्रवास माझ्या होडीतून!" अबोलीचे वळेसर बांधले, माडाची झावळं लावली. ऊन लागू नये म्हणून वर ताडपत्री ताणली, तीन बाजूंनी खालपर्यंत. समोरची बाजू तेवढी फोटोवाल्यासाठी उघडी. चिमाला हिरवी साडी नेसवून आत बसवली. राणीसारखी दिसत होती हो, खोटं कशाला बोलू!

बायकांनी गाणी म्हटली. दोन वाट्या झाकून पुढे केल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. पेढा निघाला तर मुलगा. तेवढ्यात आईने पदराखालून बरणी काढलीन आणि तिसरी वाटी म्हणून ठेवलीन. "आधी हिचे खरे डोहाळे पुरवा!" बायका हसून हसून लोटपोट. चिमाने बोळा उचलला, नाकाला लावला, डोळे मिटले. ती हसली, आम्हीही हसलो. फोटोवाला म्हणाला ऊन बदललं, आणि कॅमेऱ्याचं तिकाटणं सरकवत बसला. आम्ही वाटली डाळ आणि पन्ह्यात गुंतलो.

माझं लक्ष गेलं तेव्हा चिमा एका अंगावर कलंडली होती. बोळा तसाच हातात. ओठ जांभळे. मला आधी वाटलं झोपली. मग मी लुगडं खोचून होडीत उडी मारली, आणि आतला तो वास! मलाच गरगरलं. नव्या रंगाचा, थिनरचा, ताडपत्रीखाली कोंडलेला. "मन्सूरभाई!" मी अशी किंचाळले की गाणी थांबली. त्याने कोयत्याने ताडपत्री उभी फाडली. दोघांनी मिळून तिला बाहेर काढली आणि त्याच्या मासळीच्या टेम्पोत घातली. अंगावर अबोली, बाजूला रिकाम्या टोपल्या. महिपत तिच्या पायाशी बसून नुसता "चिमा, चिमा" करत होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण आवाज मास्तरणीचा. प्राणवायू लावला, चिमाने डोळे उघडले, मग आमच्याकडे वळल्या. "काय दिलं हिला?"

आईने पदराखालून बरणी काढून टेबलावर ठेवलीन. "काय दिलं नाय गो बाय. हे डोहाळे हायत तिचे."

बाईंनी झाकण उघडलं आणि लगेच लावलं. मला वाटलं आता ओरडणार. पण ओरडल्या नाहीत, खुर्ची ओढून आईसमोर बसल्या.

"आजी, कैरी मागितली तर डोहाळे. ही नशा आहे. हा वास नाकातून रक्तात जातो, रक्तातून नाळेत. ही हुंगते तेव्हा पोटातलं पोरही हुंगतं. हिला निदान तोंड फिरवता येतं, त्याला कुठे फिरवता येणार? सातवा महिना म्हणता, पोट पाचव्याचं आहे. पोर वाढतच नाहीये. आणि आज हिचं काळीज थांबलं असतं, एका क्षणात."

आई बसल्या जागी लहान झाली. माझ्या आईला पहिल्यांदाच उत्तर सुचलं नाय. मला तिचा राग होता, तरी मी तिच्या शेजारी जाऊन बसले. इतक्या मायेने कुणी विष दिलं नसेल.

चिमाला मी माझ्या घरी आणली. महिपतला ताकीद, बंदराचे कपडे घालून माझ्या उंबऱ्यात यायचं नाय. पण सुटतंय कुठे! चिमा रात्रंदिवस तळमळायची, थरथरायची, मला नाय नाय ते बोलायची. "तुम्हाला माझं सुख बघवत नाही!" मीही काय कमी आहे? मीही उत्तरं दिली. मग एका दुपारी ती माझ्या स्टोव्हजवळ बसलेली सापडली, रॉकेलच्या बाटलीचं बूच काढून. मी बाटली हिसकावली, तिच्या दंडाला धरून उभी केली. ती माझ्या गळ्यात पडली.

"वन्सं, मला कळतं हो सगळं. पण नाकाला कळत नाही."

दोघीही तिथेच बसून रडलो. त्या दिवसापासून स्टोव्ह शेजारी देऊन टाकला आणि आमची चूल पेटली.

वेळेआधीच मुलगा झाला. केवढा, तर महिपतच्या तळहातात डोकं आणि कोपरापर्यंत पाय. काही दिवस काचेच्या पेटीत ठेवला, मग घरी दिला. जगला! आईने साखर वाटलीन, पण या वेळी दारातूनच, कुणाला आत बोलावलं नाय. कारण पोर रडायचं. भूक लागल्यासारखं नाय, काहीतरी हरवल्यासारखं. हातपाय थरथरायचे, दूध ओढायला दम नसायचा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "त्यालाही सवय लागली होती. हळूहळू निवळेल. पुढे बोलणं, शिकणं कसं होतं ते मोठा होईल तसं कळेल. दाखवायला आणत राहा." आई त्याला मांडीवर घेऊन तासन् तास बसे. बाळाला धुरी द्यायचीसुद्धा बंद केलीन. कुठलाच धूर नको, म्हणाली.

आणि एका संध्याकाळी महिपतला राहवलं नाय. मन्सूरभाईच्या लाँचीचं काम संपवून पाखाडी धावत चढला, माझी ताकीद विसरला, तसाच माझ्या पडवीत आला आणि रडतं पोर उचलून छातीशी धरलंन.

पोर गप्प झालं.

एकदम गप्प. शर्टात नाक खुपसून पडलं. कापायचं थांबलं. आईने टाळ्या वाजवल्यान. "वळखलंन! बापसाला वळखलंन गो!" शेजारणी धावत आल्या, कौतुक सुरू झालं. महिपतचा चेहरा असा फुलला की बघवेना. मीही हसले.

चिमा दारात उभी होती. ती हसली नाय.

"बापसाला नाही," म्हणाली. "वासाला."

महिपतने खाली पाहिलं. पोर शर्टाचा काठ तोंडात धरून खोल खोल श्वास घेत होतं. त्याने ते हळूच चिमाच्या हातात दिलं. पोराने जे रडं काढलंन, ते खालच्या वाडीत ऐकू गेलं असेल.

महिपत विहिरीवर गेला. शर्ट काढून दूर फेकलान. साबण लावलान, राख लावलीन, नारळाच्या सोडणाने अंग घासघासून लाल केलंन. ओल्या डोक्याने, धुतलेला बनियन घालून परत आला आणि पोराला मागितलंन. पोर त्याच्या खांद्यावर आणखीच जोरात रडायला लागलं, तोंड इकडे तिकडे फिरवून शोधायला लागलं.

"दे माझ्याकडे," आई म्हणाली, "उगाच हैराण होतंय."

महिपतने दिलं नाय. अंगणात येरझाऱ्या घालायला लागला, त्याच्या पाठीवर थोपटत. स्वतःच्या गालावरचं पाणीही पुसत नव्हता.

"रड मेल्या, रड. हवा तेवढा रड," त्याला सांगत होता. "वास नाय मिळायचा. बापूस मिळेल."