फोरियाचं एक जहाज

सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण महाकाव्यातल्या त्या जुन्या युद्धाला गेलेल्या जहाजांच्या यादीत मी एक जहाज घुसवलं, आणि तरीही बक्षिसाचा बोकड मलाच मिळाला.

अँड्रॉसच्या बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्या बायकांना मी हे सांगत होतो. चाळीस वर्षं काठी हातात धरून गावोगाव महाकाव्य म्हणत हिंडलो. आता गुडघे बोलतात, मी ऐकतो.

"एपिगेनीसबाबा, परवा सांगितलंत तेव्हा दोन बोकड होते," फिलिन्ना म्हणाली.

"एक वाटेतच म्हातारा होऊन मेला. ऐक तू."

युबियाच्या जत्रेत महाकाव्य म्हणायची स्पर्धा असते. यादी म्हणताना ज्या गावाचं नाव येईल, तिथली माणसं उठून उभी राहतात. फोरियाचं नाव यादीत नाही. तिथले लोक दरवर्षी बसूनच. शेजारचे चिडवायचे, तुमचे पूर्वज काय शेळ्यांवर बसून गेले होते? स्पर्धेच्या सकाळी फोरियाची एक म्हातारी, आर्खिप्पी, सातूची भाकरी घेऊन माझ्याकडे आली.

"एक जहाज घाल रे बाबा. लहानसं चालेल. मरायच्या आधी एकदा उभं राहू दे."

"आजी, पंचांना ओळन् ओळ पाठ आहे. वाढवली तर हातातली काठी काढून घेतात, म्हणणं कायमचं बंद. मग खाऊ काय?"

"आत्ता ही खा."

खाल्ली. घालतो म्हणालो.

"मग घातलंत?" निकारेतीनं विचारलं. ती बंदरावर नवी, नुकतीच लग्न होऊन आलेली.

"घातलं तर. आवाज चढवला, म्हटलं, फोरियाहून एक जहाज, वीस वल्ह्यांचं. म्हातारी उठली. सगळं फोरिया उठलं. पंचांना वाटलं, आपणच ओळ विसरलो. तेही उठले."

बायका हसल्या. निकारेतीनं सुई जाळ्यात खोचून ठेवली.

"खोटं आहे, बाबा. मी फोरियाचीच. आर्खिप्पी माझी आजी. तुम्ही आवाज चढवलात, तशी मला मांडीवरून उतरवून ती उठली. तुम्ही आमच्याकडे पाहिलंत आणि आमचं नाव न घेता यादीतलं पुढचं गाव घेतलंत. यादी संपली, तरी ती उभीच होती."